तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद

तिसरी शिट्टी झाली आणि सासूबाईंनी गॅस बंद केला. वाफ जिरायला द्यायचा तेवढा वेळ दिला, झाकण काढलं आणि वरच्या बटाट्यात सुरी खुपसली. सुरी अर्ध्यात अडकली आणि बटाटा सुरीसकट वर आला.

सासूबाई त्या बटाट्याकडे बघत राहिल्या.

"एकतीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "माझ्या हातून कच्चा बटाटा निघालेला नाही."

यात फुशारकी काही नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलचं कँटीन सांभाळलं होतं. सहा कुकर एका रांगेत, आणि कुठल्या कुकरची कितवी शिट्टी हे सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून सांगत. निवृत्तीनंतर त्यांना दारावरची बेल ऐकू येईनाशी झाली होती, मुलाचं बोलणं तर निम्मंच ऐकू येई, पण शिट्टी मात्र दोन खोल्या आणि एक बंद दार ओलांडून बरोबर पोचे. "शिट्टी कानाने ऐकायची नसते," असं त्या म्हणत, "ती पोटात वाजते."

मुलाला बोलावण्यात आलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे घरातलं जे जे वर-खाली होतं किंवा वाफ सोडतं ते त्याच्या खात्यात येई. त्याने कुकरची शिट्टी उपसली, फुंकली, उजेडात धरली.

"यात काहीच बिघाड नाहीये, आई. तूच मोजायला चुकलीस."

"मी? मोजायला?"

पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि सूनबाई बाहेर आली. केस ओले, गाल लाल, आणि गळ्यात दोरीला अडकवलेली एक नारिंगी शिट्टी.

"बटाटे झाले का हो, आई?" तिने विचारलं.

सासूबाईंनी सुरीवरचा बटाटा तिच्या तोंडासमोर धरला.

गोष्ट अशी होती की येत्या रविवारी सूनबाई समुद्रात उतरणार होती. पोहायला नव्हे, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून, पार तळापर्यंत. हे खूळ डोक्यात शिरलं ते पोहण्याच्या तलावाबाहेरच्या फलकामुळे. 'चार रविवारांत पाण्याखाली श्वास घ्यायला शिका.' तिला ते वाक्य आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटलं. पाण्याच्या वर तिला गेल्या साडेतीन वर्षांत श्वास घ्यायला फुरसत मिळालेली नव्हती.

साडेतीन वर्षं म्हणजे बटणाचं वय. बटण म्हणजे तिची मुलगी. नाकावरून पडलेलं नाव. बटण झाल्यापासून सूनबाई तिला सोडून सगळ्यात लांब गेली होती ती बाथरूमपर्यंत, आणि तिथेही दाराखालच्या फटीतून चार बोटं आत येत आणि विचारत, "आई, तू आहेस?" तलावाचे चार रविवार बटण काठावर आजीच्या मांडीवर बसून होती, म्हणून जमले. समुद्राला काठ कुठला?

सासूबाईंनी नको म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "जा की."

आता ज्यांना या घराची माहिती नाही त्यांना वाटेल, परवानगी मिळाली. तसं नव्हतं. साधं 'जा' वेगळं आणि 'जा की' वेगळं. 'जा की' म्हणजे माझं काय, मी कोण सांगणारी, पुढे काही झालं तर मला विचारू नका. मुलाने एकदा नोकरी सोडून पोल्ट्री काढायचं म्हटलं तेव्हा सासूबाई 'काढ की' म्हणाल्या होत्या, आणि तो आजतागायत लिफ्टच दुरुस्त करत होता. घरातून निघताना 'येते हं' म्हटलं की मोठ्या माणसाने 'ये' म्हणायचं, एवढंच सूनबाईला हवं होतं. ते एक अक्षर मिळालं असतं तर ती निम्म्या सिलिंडरवर तळ गाठून आली असती.

"पण बाथरूममध्ये शिट्टी कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"तलावावरचे मास्तर म्हणाले, सराव करा. समुद्रावर तीन शिट्ट्या म्हणजे 'मी अडचणीत आहे'. जगभर."

"घरात तीन शिट्ट्या म्हणजे गॅस बंद," सासूबाई म्हणाल्या. "तेही जगभर."

"मग मी दोनच वाजवून सराव करते."

"दोन म्हणजे भात."

"एक?"

"एक म्हणजे कुकर जिवंत आहे. तुझ्या समुद्राला म्हणावं, चारपासून पुढे कुठलाही आकडा घे. घरातले तीन माझे आहेत."

समुद्राने काही माघार घेतली नाही. शिवाय ती शिट्टी आता बटणाच्या हाती लागली होती. पुढचे तीन दिवस घरात तीन शिट्ट्या केव्हाही, कुठूनही वाजत. सासूबाईंना कळायचं की ही बटणाची; पण त्यांच्या हाताला कळायचं नाही. हात आपोआप शेगडीपर्यंत जाऊन गॅस बंद करून यायचा. नवऱ्याने तीन दिवस कच्चा भात, कच्च्या शेंगा आणि दाताखाली करकरणारी डाळ मुकाट्याने खाल्ली. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "चला, त्या बाकीच्या वस्तू घेऊन टाकू. रविवार एकदाचा होऊन जाऊ दे."

बाकीच्या वस्तू म्हणजे मास्तरांची यादी. कोर्स संपताना त्यांनी प्रत्येकाच्या हाती ती शिट्टी आणि एक चिठ्ठी ठेवली होती. वर येण्याआधी पाण्यातून सोडायचा नारिंगी फुगा, त्याचं दोरीचं रीळ, चांगली शिट्टी, उन्हाची तिरीप पाडायला छोटा आरसा, टॉर्च, जाळ्यात पाय अडकला तर दोरी कापायचं कटर. खाली मास्तरांनी लिहिलं होतं : 'यातलं काहीही लागणार नाही. पण घरी विसराल तेच लागेल.'

सासूबाई दुकानात आल्या त्या "नुसत्या बघायला". दुकान अरुंद होतं आणि त्याला नव्या चपलेचा वास येत होता. भिंतीवर काळे रबरी सूट ओळीने टांगलेले. हात लोंबते, मान नाही.

"यातली माणसं कुठे गेली?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"अजून यायचीत, मावशी," दुकानदार म्हणाला. तो किडकिडीत होता आणि हसायची घाई नसलेला. "बोला, काय दाखवू?"

"सगळं दोन-दोन," नवरा म्हणाला.

"ताई एकट्याच उतरणार ना?"

"लिफ्टला चार दोर असतात," नवरा म्हणाला. या विषयावर तो कुणालाही कुठेही अडवून बोलू शके. "एका दोरावर लिफ्ट आरामात चालते. मग बाकीचे तीन कशाला? ते आतल्या माणसासाठी नसतात हो. घरी जे वाट बघत असतात त्यांच्यासाठी असतात."

दुकानदाराने यावर विचार केला आणि मुकाट्याने सगळं दोन-दोन काढलं.

फुगा निघाला लांबलचक. घडी केली की मुठीएवढा, पण नवऱ्याने तोंड लावून जोर लावला तसा तो खुर्चीवर चढला, काउंटर ओलांडला आणि उभा राहिला तेव्हा माणसाहून हातभर उंच होता. वळताना त्याने चष्म्यांचा स्टँड पाडला. बटण धावत आली आणि तिने त्याला घट्ट मिठी मारली.

"गाजर!" ती म्हणाली.

त्या क्षणापासून तो फुगा फुगा राहिला नाही. हवा काढायची म्हटलं तर बटणाने दुकान डोक्यावर घेतलं, आणि गाजर तसंच फुगलेलं घरी न्यायचं ठरलं. "दुसरा आहे ना," नवरा समाधानाने म्हणाला. "म्हणून दोन घ्यायचे."

मग त्याची नजर काचेखालच्या भोंग्यावर गेली. सिलिंडरच्याच हवेवर वाजणारा. "दीड किलोमीटर ऐकू जातो," दुकानदार म्हणाला. "पण जाकिटाच्या नळीला बसतो का ते आधी—"

"द्या!" नवरा म्हणाला. पुढचं वाक्य त्याने ऐकलंच नाही. ही सवय आईची.

सासूबाई इतका वेळ एका कोपऱ्यात शिट्ट्यांच्या ताटलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी सूनबाईच्या गळ्यातली मास्तरांची शिट्टी ओढून हातात घेतली.

"भाऊ, जरा पेलाभर पाणी द्या."

दुकानदाराने पाणी दिलं. सासूबाईंनी शिट्टी त्यात बुडवली, ढवळली, बाहेर काढून सूनबाईच्या हातात दिली. "वाजव."

शिट्टी फुर्र करून बसली. आतली गोळी ओली होऊन चिकटली होती.

"कोरडी काय, कुठलीही वाजते," सासूबाई म्हणाल्या. "ओली होऊन वाजली पाहिजे. मला सांगा, समुद्रात ही कोरडी राहणार आहे का?"

दुकानदाराने प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ताटली बाजूला सारून त्याने आतल्या खणातून एक चपटी, गोळी नसलेली काळी शिट्टी काढली. सासूबाईंनी तीही बुडवली. सूनबाईने फुंकली. आवाज असा निघाला की रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला.

"ही," सासूबाई म्हणाल्या. "एकच द्या. चांगली वस्तू दोन लागत नाही."

रविवारी सासूबाई बोटीवर येणार नव्हत्या. तसं त्यांनी शुक्रवारी जाहीर केलं होतं आणि शनिवारी दोनदा. रविवारी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी पिशवी भरून दारात उभ्या होत्या. "मी बटणासाठी येतेय," त्या म्हणाल्या. "पाण्याकडे बघणारसुद्धा नाही."

बोट लहान होती. मधे छप्पर, त्याखाली दोन लाकडी बाकं, मागे खडखडणारं इंजिन आणि इंजिनापाशी कमी बोलणारा बोटवाला. सूनबाईबरोबर उतरणार होते मास्तर आणि तिच्याच वर्गातली एक दातांची डॉक्टर. समुद्र शांत होता, आकाशात ढग. जागेवर पोचेपर्यंत नवऱ्याचा रंग फुलकोबीसारखा झाला होता. लिफ्टमधल्या माणसाला वर-खाली चालतं, डावं-उजवं चालत नाही.

मास्तरांनी सूनबाईच्या जाकिटाची तपासणी सुरू केली. दोन टॉर्च, दोन आरसे, दोन कटर, दोन रिळं लोंबत होती, आणि ती हलली की भांड्यांचं कपाट हलल्यासारखा आवाज येत होता.

"ताई," मास्तर म्हणाले, "खाली बघायला चाललाय की संसार थाटायला?"

एकेक जास्तीचं त्यांनी उतरवलं. "लोंबणारी वस्तूच कुठेतरी अडकते. एकेक ठेवा, अंगाशी ठेवा." भोंग्याची पाळी आली. भाड्याच्या जाकिटाच्या नळीला त्याचं तोंड बसेना. नवऱ्याने पाना मागितला, घाम पुसला, मग तोंडावर हात ठेवून कठड्याकडे धावला. भोंगा पिशवीत गेला. शिट्टी खांद्यापाशी, फुगा नि रीळ उजव्या कमरेच्या कडीला. मास्तरांनी प्रत्येक वस्तूला हात लावून पाहिला. "उत्तम."

मग डॉक्टरच्या चष्म्याचा पट्टा तुटला, तो बदलण्यात सगळे गुंतले, सूनबाई वाकून पायात पोहायचे रबरी पंख चढवत बसली. बटण तिच्या शेजारी, अगदी कमरेपाशी उभी होती. शहाण्यासारखी उभी होती. हे कुणालातरी खटकायला हवं होतं.

"किती वेळ?" बटणाने विचारलं.

"तू दोन केळी खाशील तेवढा."

"मोठी की छोटी?"

"मोठी. येते हं, आई."

सासूबाई पिशवीत काहीतरी शोधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जा की."

खाली निळं होतं आणि गप्प होतं. पट्ट्यापट्ट्यांचे मासे शाळा सुटल्यासारखे आले आणि तितक्याच शिस्तीत गेले. सूनबाईला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर, आत, बाहेर. कुणाला नाश्ता द्यायचा नव्हता, कुणाचा मोजा हरवलेला नव्हता. दहा मिनिटं तिला कुणी 'आई' म्हटलं नाही. केवढं सुख ते! अकराव्या मिनिटाला तिला वाटलं, कुणीतरी म्हटलं.

ती वळली. वळताना तिच्या पायातल्या पंखाने तळाची वाळू उसळली, आणि दुधात पीठ कालवावं तसं सगळं गढूळ झालं. ते निवळलं तेव्हा मास्तरांचे पिवळे पंख कुठेच नव्हते. ती घाबरली, पण शिकवलेलं विसरली नाही. एक मिनिट शोधायचं, मग सावकाश वर. ती सावकाश वर आली, मधे थांबायचं तिथे थांबली, आणि फुगा वर सोडायला कमरेशी हात नेला.

कडी होती. रीळही होतं. फुगा नव्हता.

ती तशीच वर आली, जाकिटात हवा भरली आणि तरंगत राहिली. बुडण्याची भीती नव्हती. पण प्रवाहाने तिला बाजूला नेलं होतं. बोट होती गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानाइतकी लांब; म्हणजे चालत गेलं तर तीन मिनिटं आणि हाक मारली तर ऐकू जाणार नाही. शिवाय बोटीची तिच्याकडे पाठ होती. तिने आरसा काढला; सूर्य ढगात. टॉर्च लावला, भर दिवसाचा टॉर्च तो, तिचा तिलाच दिसेना. भोंगा दीड किलोमीटर ऐकू जाणारा होता आणि पाव किलोमीटरवर पिशवीत होता. दोन केळी आता संपत आली असतील, एवढंच तिच्या मनात आलं. तिने दोनदा मोठा श्वास घेतला आणि खांद्यापाशी हात नेला.

बोटीवर इंजिन खडखडत होतं. बोटवाला पुढच्या बाजूला, मास्तरांचे बुडबुडे दिसत होते तिकडे डोळे लावून बसला होता. नवरा कठड्यावर पोट टेकून समुद्राशी खाजगी बोलत होता. छपराखाली बटण दुसरं केळं अर्ध्यावर सोडून हट्टाने बरोबर आणलेल्या गाजराला टेकली होती, आणि तिच्या शेजारी बसून, पाण्याकडे बघायचं नाही म्हणून गच्च मिटलेल्या सासूबाईंच्या डोळ्यांत खरोखरच झोप उतरली होती.

पहिल्या शिट्टीला सासूबाईंची पापणी हलली. दुसरीला मान. तिसरीला त्या ताडकन उभ्या राहिल्या, उजवा हात पुढे करून हवेत गॅसचं बटण चाचपडत ओरडल्या,

"तीन झाल्या! गॅस बंद करा!"

बोटवाल्याने आयुष्य बोटीवर काढलं होतं, आणि बोटीवर 'गॅस' म्हणजे इंधनाची वाफ, एका ठिणगीचं काम, हे त्याला ठाऊक होतं. आधी बंद करायचं, मग वास घ्यायचा. शिवाय त्या आवाजात सहा कुकरांचा अधिकार होता. त्याने हात मारून इंजिन बंद केलं.

समुद्र एकदम शांत झाला. आणि त्या शांततेत, मागच्या बाजूने, बारीक पण धारदार, शिट्टी पुन्हा तीन वेळा वाजली.

सासूबाईंनी डोळे उघडले. आपण पाण्याकडे बघणार नव्हतो हे त्या विसरल्या. कठडा धरून त्यांनी अख्खा समुद्र एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघितला, गहू निवडताना बघतात तसा, आणि त्यातला तो एक काळा खडा त्यांना सापडला.

"ती बघ! तिथे! माझी शिट्टी आहे ती!"

"आई, ती—" नवऱ्याचा रंग परत आला. मळमळ वगैरे सगळं एका क्षणात गेलं. त्याने एका हाताने बटणाचा फ्रॉक धरला, कारण ती एव्हाना बाकावर चढली होती. तिने गाजर दोन्ही हातांनी छपराबाहेर उभं धरलं होतं आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "आई! आम्ही इथे आहोत! आई, तू तिथे आहेस?"

दूर पाण्यात सूनबाईला शब्द ऐकू आले नाहीत. पण बोटीच्या मधोमध एक नारिंगी बोट उभं राहिलेलं तिला दिसलं आणि ती हसली. हसताना तिच्या तोंडात बरंच खारं पाणी गेलं. ते सगळंच समुद्राचं नव्हतं.

तिला वर घेतलं. थोड्याच वेळात मास्तरही तिला शोधत शोधत डॉक्टरसह वर आले, आणि तिला बाकावर बघून त्यांनी कितीतरी वेळाने श्वास सोडला.

"ताई, फुगा का नाही सोडलात?"

"नव्हता कमरेला."

"मी स्वतः हात लावून बघितला होता!"

सगळ्यांनी शोधाशोध केली. सासूबाईंनी बाकाखाली वाकून पाहिलं. तिथे त्यांचाच नॅपकिन अंथरला होता आणि त्यावर, अर्ध्या नॅपकिनाचं पांघरूण घेऊन, घडी केलेला मुठीएवढा नारिंगी फुगा झोपला होता. जाकिटाची ती कडी अगदी बटणाच्या शाळेच्या दप्तराला असते तशी होती. दप्तराची कडी बटण मिटल्या डोळ्यांनी उघडते.

"बटण," सासूबाईंनी विचारलं, "हे काय आहे गं?"

"गाजराची आई."

"गाजर एवढं मोठं आणि आई एवढीशी?"

"आई दमलीय," बटण म्हणाली.

नवरा केळ्यांच्या साली गोळा करायला लागला. बोटवालासुद्धा दुसरीकडे बघायला लागला.

"ती इथे कशी आली?" सूनबाईने विचारलं.

"तिला पाण्यात नाही जायचंय. गाजर रडतं मग."

सूनबाईने तिला जवळ ओढलं आणि ओल्या सूटसकट छातीशी धरलं. बटण म्हणाली, "तू मासा झालीस," पण सुटायचा प्रयत्न केला नाही.

मास्तर खाकरले. "तुम्ही आमच्यापासून सुटलात कशा पण?"

"मला वाटलं, कुणीतरी 'आई' म्हटलं. म्हणून वळले."

"पाण्याखाली ऐकू येत नाही, ताई."

"येतं," सासूबाई म्हणाल्या.

तासाभराने दुसरी डुबकी ठरलेली होती. सूनबाई जाकिटाचे पट्टे सोडायला लागली. "माझं झालं आज," ती म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मी बसते इथेच." बोलताना तिने सासूबाईंकडे पाहिलं नाही. नवऱ्यानेही पाहिलं नाही. पोल्ट्रीचा दिवस त्याला आठवला.

सासूबाई बाकाखालचा फुगा घेऊन बटणासमोर उकिडव्या बसल्या.

"हे बघ, गाजराच्या आईला तिथे जरा काम आहे. काम झालं की ती येते. तोवर गाजर आजीकडे राहील."

बटणाने विचार केला. "गाजर रडलं तर?"

"तर आजी आहे."

"गाजर केळं खाईल?"

"दोन खाईल. मोठी."

बटणाने मान डोलावली. सासूबाई उठल्या, सूनबाईचे सोडलेले पट्टे त्यांनी पुन्हा आवळले, फुगा तिच्या कमरेच्या कडीला अडकवला आणि कुकरचं झाकण बसलं की नाही ते बघतात तसे त्याला दोन हिसके दिले. मग शिट्टी बादलीत बुडवून एकदा वाजवून बघितली. बोटवाल्याचा हात आपोआप इंजिनाकडे गेला.

"तुम्हाला नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "ती एकच होती."

सूनबाई कडेला जाऊन बसली. चष्मा चढवायच्या आधी वळली. आता बोलावं की नको, असं तिला झालं होतं. 'की' ऐकायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"येते हं, आई," ती कसंबसं म्हणाली.

"ये," सासूबाई म्हणाल्या. थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "आणि मागे वळून बघत बसू नकोस. मागे मी आहे."

सोमवारी सकाळी सासूबाईंनी कुकर लावला. सूनबाई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, बटण गाजराला बालवाडीत पाठवत होती, नवरा कामावर जायला बूट शोधत होता. घरात कुणाच्याही गळ्यात शिट्टी नव्हती. ती खुंटीवर वाळत होती. तरी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि सासूबाई हातातला झारा तसाच धरून लगबगीने आतल्या खोलीच्या दारात आल्या.

"आहेस ना गं?"

"आहे ना, आई. का?"

"काही नाही. सहज."

त्या तिथेच उभ्या राहून सूनबाईच्या हातातला टॉवेल बघत राहिल्या, मग म्हणाल्या की त्याची घडी अशी नाही, अशी घालतात, आणि घालून दाखवायला खाली बसल्या. स्वयंपाकघरात चौथी झाली, पाचवी झाली, सातवीही झाली.

त्या दिवशी बटाट्यांचा पार लगदा झाला. पुढचा महिनाभर रोजच होत राहिला. नवरा रोज म्हणे, "आई, आज फार छान शिजलेत," आणि चमच्याने खाई.